ठकीचा पहिला घास

४ मार्च

ताई,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र फाडणार, हे मला माहीत आहे. फाड, पण वाचून फाड. फोन तू उचलत नाहीस, मेसेज वाचतेस आणि मूग गिळून बसतेस. पत्राचं एक बरं असतं. ते कुणी उचलावं लागत नाही. पोस्टमन दारात टाकून जातो आणि ते निर्लज्जासारखं तिथंच पडून राहतं. तुझ्या बहिणीचं शोभतं अगदी.

बातमी अशी, की मुलगी मिळाली. चार वर्षांची आहे. कपाळ मोठं, केस कात्रीनं सरळ रेषेत कापलेले आणि पुढचा एक दात कोपऱ्यात टवका उडालेला. 'पोरीचे आधी दात बघितलेस का?' असं म्हणू नकोस. वीस वर्षं लोकांच्या कवळ्या करतेय, माणसाकडे बघायची मला दुसरी रीत येत नाही. तिचं नाव आम्ही बदलणार नाही, पण ते नीट म्हणायला माझी जीभ अजून वळत नाही, म्हणून तोवर ती ठकी. नवरोबा म्हणाले, "अगं, ठकी म्हणजे लाकडाची बाहुली." मी म्हटलं, "अहो, जरा बघा तिच्याकडे." आल्यापासून खुर्चीत तशीच बसली होती, पाय जुळवून, हात मांडीवर.

इथला नियम असा, की मूल घेतलं आणि निघालं असं चालत नाही. आधी महिनाभर इथंच, तिच्या देशात, तिच्याबरोबर राहायचं. तपासणीच्या बाई अधूनमधून येणार, बघणार, वजन करणार. मूल रुळलं तर कोर्टाची सही. नाही रुळलं तर काय, ते मी लिहीत नाही. आम्ही एका लॉन्ड्रीच्या वर दोन खोल्या घेतल्यात. खाली दिवसभर मशिनी फिरतात, त्यामुळे फरशी कोमट असते आणि कपाटातल्या बशा हळूहळू कडेला सरकतात. मी त्या रोज मागे ढकलते.

आपलं भांडण मी इथं उकरत नाही. तू म्हणालीस, "घ्यायचं तर घरातलं घे, माझी धाकटी घे." मी म्हटलं, तिची आई धडधाकट आहे, तिला मी मावशीच बरी. तू म्हणालीस, "रक्ताचं नको आणि परमुलखातलं चालतं? मग मी त्याची कुणी नाही." त्याला दोन वर्षं झाली. तुझा शब्द तू पाळतेस, मी पत्र लिहिते. इथं सगळं छान चाललंय, काळजी नसावी.

तुझी (तू मान, नको मानूस) बहीण


९ मार्च

ताई,

सगळं छान चाललंय असं लिहिलं होतं ना, ते खोटं होतं. तुला बरं वाटू नये म्हणून लिहिलं होतं.

ठकी जेवत नाही.

हट्ट करत नाही, रडत नाही, ताट फेकत नाही. फेकलं असतं तर मी टाळ्या वाजवल्या असत्या. ती नीट येऊन बसते, चमचा उचलते, वाटीत बुडवते, भरलेला चमचा हवेत धरते आणि मान वळवून उजवीकडे बघते. बघत राहते. मग चमचा परत वाटीत ठेवते आणि हात मांडीवर. पाणी पिते. सकाळी दूध पिते. पण वाटी पुढे आली, की हेच. फारच भूक लागली, की पावाचा तुकडा घेऊन पलंगामागे जाते आणि आमच्याकडे पाठ करून तो संपवते, चोरल्यासारखा. माझ्याच घरात माझी पोर पाव चोरून खाते, ताई.

आम्ही काय केलं नाही ते विचार. उजवीकडे खिडकी आहे, म्हणून खिडकीला चादर लावली. मग वाटलं, चादरीला घाबरत असेल, म्हणून काढली. भात मऊ केला, मोकळा केला. बटाटा उकडला, अंडं उकडलं, सफरचंद किसलं. तिच्यासाठी फुलाफुलांची वाटी आणली आणि एक उंच खुर्ची भाड्यानं आणली. पहिला मान तिचा, म्हणून आधी तिला वाढायचं. आम्ही दोघं समोर बसून बघायचं, तिचं झालं की मग आपलं. नवरोबांनी चमच्याचं विमान केलं. विमान तिच्या तोंडापर्यंत गेलं आणि धावपट्टी बंद होती म्हणून परत आलं. मग त्यांनी चमच्याची लिफ्ट केली, तळमजला, पहिला मजला, दुसरा मजला. जन्मभर लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाला सुचून सुचून दुसरं काय सुचणार? दारच उघडेना. तिनं त्यांच्याकडे अशा नजरेनं बघितलं, जशी तू माझ्याकडे बघायचीस, मी तुझी ओढणी डोक्याला बांधून नवरी व्हायचे तेव्हा.

बाकी ती इतकी गुणी आहे, की भीती वाटते. उठली की पांघरूणाची घडी घालते. माझी चप्पल वाकडी पडली तर सरळ करून ठेवते. मी जवळ घेतलं तर येते आणि सोडलं की जाते. गिऱ्हाइकाला दुकानदार वागवतो तशी मला वागवते, कुठं बोट ठेवायला जागा नाही.

काल संध्याकाळी मी नवरोबांवर ओरडले, भातात मीठ जास्त झालं म्हणून. मीठ मीच घातलं होतं. मग खाली लॉन्ड्रीत गेले आणि गरम चादरींच्या ढिगात तोंड घालून रडले. लॉन्ड्रीवालीनं अजून एक गरम चादर आणून दिली. अशी माणसं असतात म्हणून जग चालतं.

तुझी, वैतागलेली


१४ मार्च

ताई,

आज तपासणीच्या बाई आल्या होत्या. सोबत दुभाषीबाई होत्या. त्यांचं आता तुला सांगायलाच हवं, कारण त्यांच्याशिवाय माझं पान हलत नाही. साठीच्या आहेत, हातात कायम विणकाम. दोघांचं बोलणं इकडून तिकडे नेताना सुया थांबत नाहीत. वाईट काही सांगायचं असलं, की मात्र थांबतात. आज सुया थांबल्या.

वजन कमी भरलं. आली तेव्हाच काटकुळी होती, आता त्याहून कमी.

तपासणीच्या बाई वाईट नाहीत गं. त्यांनी ठकीचं मनगट हातात घेतलं आणि बराच वेळ सोडलं नाही. मग म्हणाल्या, "काही मुलं आईबापांना आधी स्वीकारत नाहीत, ती उपाशी राहून ते सांगतात. पुढच्या भेटीतही वजन घटलं, तर मला तिला परत संस्थेत डॉक्टरांच्या देखरेखीखाली ठेवावं लागेल. काही महिने. त्यानंतर पुन्हा बघता येईल."

"पुन्हा म्हणजे आम्हालाच ना?" मी विचारलं.

दुभाषीबाईंनी विचारलं. उत्तर आलं, ते त्यांनी मला सांगितलं नाही. सुया पुन्हा सुरू झाल्या, पण घर चुकलं आणि त्यांनी एक ओळ उसवली.

त्या गेल्यावर मला तू ऐकू आलीस, ताई. 'परकं ते परकंच.' तू अगदी याच शब्दांत म्हणाली होतीस की माझ्या डोक्यानं ते रचलंय, आता आठवत नाही. तू जिंकलीस असं मी लिहिणार नाही. मेले तरी लिहिणार नाही. पण समोर बसलेली ती पोर, हात मांडीवर ठेवून, आणि मी, जिला तिच्या भाषेतले जेमतेम पन्नास शब्द येतात. त्यातला एकही 'तुला काय हवंय?' याच्या उत्तराला पुरत नाही. मला ती हवी आहे. ती माझ्याकडे बघून हसलेली नाही, तिनं मला काही हाक मारलेली नाही, तरी मला तीच हवी आहे. हे कसं झालं, कधी झालं, विचारू नकोस. चप्पल सरळ करताना झालं असेल.

वरून माझी दाढ ठणकतेय. दुष्काळात तेरावा महिना.

तुझी बहीण


१९ मार्च

ताई, ताई, ताई!

बसून वाच. चहा गॅसवर असेल तर बंद कर.

परवा माझी अक्कलदाढ काढली. सुजून गालाचा भोपळा झाला होता. इथला दातांचा डॉक्टर माझ्या तोंडात डोकावून म्हणाला, "तुम्ही याच धंद्यातल्या आणि इतकं दुर्लक्ष?" तोंडात त्याची बोटं होती म्हणून वाचला. घरी आले, गालात कापसाचा बोळा, ओठ बधिर, लाळ गळतेय, बोलणं बोबडं. नवरोबांनी माझ्यासाठी भात गरगट्ट शिजवला, ठकीचं तिच्या वाटीत वाढलं आणि टेबलावरच्या औषधांच्या पसाऱ्यामुळे मला नेहमीच्या जागी, तिच्या समोर, न बसवता तिच्या बाजूच्या खुर्चीत बसवलं. उजव्या बाजूच्या.

मी वाटीपुढे बसले. चमचा उचलायची इच्छा नव्हती. ओठ कुठं संपतो तेच कळत नव्हतं.

ठकीनं चमचा भरला, हवेत धरला, उजवीकडे बघितलं. तिथं मी होते.

तिनं माझ्याकडे बघितलं, माझ्या वाटीकडे बघितलं. स्वतःचा चमचा खाली ठेवला. माझा उचलला. माझ्या वाटीतला भात घेतला, त्यावर फुंकर घातली आणि माझ्या तोंडाशी आणला. मी नुसतीच बघत राहिले तर तिनं स्वतःच आ केला, मला दाखवायला, की असं. मी तोंड उघडलं. तिनं भात आत सोडला, चमचा वरच्या ओठाला पुसून अलगद बाहेर काढला. हनुवटीवर ओघळ आला, तो बोटानं टिपून परत तोंडात घातला. किती सवयीचा हात, ताई! मी इतक्या तोंडांत ठसे घ्यायचे साचे घातलेत, पण माझ्या तोंडात कुणी इतक्या हलक्या हातानं काही घातलं नव्हतं.

मला कुणीतरी भरवतंय, या वयात, आणि तेही ही! डोळ्यांतून धारा. ठकीला वाटलं, गरम लागलं. तिनं पुढच्या घासाला दोन फुंकरा घातल्या.

नवरोबा दारात पातेलं घेऊन उभे. मी डोळ्यांनीच दटावलं, की हलाल तर याद राखा. त्या माणसानं पातेलं खालीसुद्धा ठेवलं नाही, चटका बसत असूनही.

माझी सगळी वाटी तिनं संपवली. वाटी तिरकी करून आत बघितलं, कडेचं खरवडलं, शेवटचा घास दिला. मग माझी वाटी लांब सरकवली. आपली वाटी पुढे ओढली आणि जेवली. ताई, जेवली! गार झालेला भात, गार झालेलं अंडं, सगळं. वाटी नवरोबांपुढे धरली. अजून. त्यांनी वाढलं. पुन्हा धरली. तिसऱ्यांदा वाढताना ते तिच्याच तोंडाकडे बघत होते, अर्धा भात टेबलावर सांडला. तिनं तोही वेचून खाल्ला.

याचा अर्थ काय ते अजून मला कळलेलं नाही. पण काल पुन्हा तसंच झालं, आज सकाळीही. मी दुपारी मुद्दाम स्वतः चमचा घेऊन खाऊन पाहिलं, तर ती जागीच थिजली. म्हणून आता मी बाळासारखी आ करून बसते. लाज गेली तेल लावत. उद्या दुभाषीबाई संस्थेत फोन करून विचारणार आहेत.

भावोजींचा निरोप आला. 'पत्रं पोचतात. फाडत नाही. फ्रिजवर ठेवते.' त्यांना म्हणावं, हेरगिरीबद्दल आभार.

तुझी, अक्कल गेलेली


२३ मार्च

ताई,

कोडं सुटलं, आणि सुटल्यावर मी अर्धा तास कोमट फरशीवर बसून राहिले.

संस्थेच्या स्वयंपाकीणबाई फोनवर म्हणाल्या, "अहो, मग? ती आधी कशी जेवेल? तिच्या लहानीला कुठं भरवलंय?" तिथं रीतच आहे ती. माणसं थोडी, मुलं चिक्कार. म्हणून जेवणाच्या बाकावर प्रत्येक मोठ्या मुलाच्या उजव्या हाताला एक लहान मूल. आधी लहानाची वाटी संपवायची, मगच आपल्या वाटीला हात लावायचा. चार वर्षांची म्हणजे तिथं मोठीच की. "आम्हाला कुणी सांगितलं कसं नाही?" असं दुभाषीबाईंनी विचारलं, तर त्या म्हणाल्या, "यात सांगायचं काय? चमच्यानं जेवते हे तरी कुठं सांगितलं?" बरोबर आहे. मला कुणी विचारलं, तर मी तरी आपल्या घरातलं काय काय सांगितलं असतं?

आणि आम्ही काय करत होतो, ताई? तिला उंच खुर्चीत एकटीला बसवून, पहिला मान देऊन, समोर दोन घोडे उपाशी बसून बघत होतो. त्या पोरीला काय वाटलं असेल? उजवीकडे कुणी नाही. आणि तिची लहान, बटण म्हणतात सगळे तिला, दीड वर्षांची, ती कुठंतरी वाटीपुढे बसलीय आणि तिला कुणी भरवत नाहीये. म्हणून ही जेवत नव्हती. तिचा आमच्यावर राग नव्हता गं. ती बटणाच्या काळजीत होती.

मी म्हटलं, तिला एकदा नेऊन दाखवू, की बटण जेवते. दुभाषीबाई म्हणाल्या, "असं करू नये म्हणतात. मुलाला वाटतं, परत करायला आणलं. मग ते तुमच्यासोबत यायला तयार होत नाही. तपासणीच्या बाईंना कळलं तर..." वजन आत्ता कुठं वर येत होतं. हातचं सोडून पळत्याच्या मागे कशाला लागायचं? मी म्हटलं, राहू दे, नको.

तर नवरोबा बोलले. दिवसाला चार वाक्यं बोलणारा माणूस. म्हणाले, "लिफ्टमध्ये माणूस अडकतो ना, आपण वरून हाक मारतो, तर तो आधी 'मला काढा' म्हणत नाही. म्हणतो, 'घरी कळवा, पोरगी शाळेतून यायची झालीय.' ते कळवलं, की गप बसतो, मग आरामात काढता येतं. कळवलं नाही, तर दार ओढून बोटं तोडून घेतो." मी म्हटलं, "आणि ती परत आलीच नाही आपल्यासोबत, तर?" त्यांनी तिचे बूट आणून दारात ठेवले.

काल गेलो. तपासणीच्या बाईंना न विचारता.

फाटकाशी ठकी थांबली. आमच्याकडे बघितलं. मग नवीन स्वेटर काढला, दुभाषीबाईंनी विणलेला, पिवळा. फाटकाच्या पायरीवर ठेवून त्याची नीट घडी घातली आणि माझ्या हातात दिली. रडली नाही. तिला वाटलं, आम्ही तिला परत करतोय, तर दुसऱ्याची वस्तू ज्याची त्याला द्यावी. मला तिला उचलून पळत सुटायचं होतं. मी घडी छातीशी धरली आणि तिच्या मागून आत गेले.

जेवणाची खोली लांबलचक. बाक, वाट्या, शिजलेल्या भाताची वाफ, आणि मोठी मुलं लहानांना भरवतायत. गलका नाही, नुसता चमच्यांचा आवाज. बटण तिसऱ्या बाकावर होती. टम्म गालांची! एक दुसरीच मुलगी तिला भरवत होती. ठकी मागे जाऊन उभी राहिली आणि सासूच्या नजरेनं बघू लागली. त्या मुलीनं घास दिला, बटणानं थुंकला. ठकीनं चमचा घेतला, घास अर्धा केला, फुंकर घातली, बटणाच्या डाव्या गालात सोडला. गेला. चमचा त्या मुलीला परत दिला. तिनं तसंच केलं. गेला. बटणानं वर ठकीकडे बघितलं, भातभरलं हसली आणि पुन्हा त्या मुलीकडे आ केला. बस्स, एवढंच. लहान मुलं विसरतात गं, लगेच विसरतात. ठकीच्या चेहऱ्यावर ते उमटलेलं मी बघितलं आणि मला त्या टम्म गालांच्या पोरीचा क्षणभर राग आला.

स्वयंपाकीणबाई एप्रनला हात पुसत आल्या. ठकीला विचारलं, "मग? आता तुझी लहान कोण?"

दुभाषीबाईंनी माझ्या कानात सांगितलं, पण सांगायची गरज पडली नाही. ठकी वळली आणि तिनं माझ्याकडे बोट केलं.

"ही," ती म्हणाली. "हिला अजून दात यायचेत."

खोलीभर हशा. स्वयंपाकीणबाई भिंतीला टेकून हसल्या, नवरोबा हसले, ज्यांना काही कळलं नाही तेही हसले. ठकीला मात्र त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. तिनं मला हाताला धरून बाकावर बसवलं, आपल्या उजवीकडे. वाटी आणली. आणि जगभराला दात बसवून देणारी तुझी बहीण, मुलांनी भरलेल्या खोलीत, गुडघे बाकात कोंबून, आ करून बसली. मी वाटी संपवली. मग तिनं तिची संपवली.

जेवण झाल्यावर तिनं माझ्या मांडीवरचा स्वेटर उचलला, डोक्यात घातला, एक हात चुकीच्या बाहीत गेला. मी सरळ करून दिला. तिनं करू दिला. मग आपणहून फाटकाकडे निघाली, मला ओढत.

मी कुणाकुणाचे आभार मानू, ताई? त्या बाकाचे मानू, त्या स्वयंपाकीणबाईंचे मानू, माझ्या किडक्या दाढेचे मानू. मी आई व्हायला आले होते. त्या जागेला तिच्याकडे नावच नव्हतं. तिच्याकडे जी जागा रिकामी होती, ती तिनं मला दिली.

तुझी बहीण


५ एप्रिल

ताई,

सही झाली!

तपासणीच्या बाईंनी वजन केलं, काट्याकडे बघितलं, चष्मा पुसून पुन्हा बघितलं. मग म्हणाल्या, "तुम्ही तिला तिकडे नेलंत, मला कळलंय. मला विचारलं असतंत तर मी नाही म्हटलं असतं."

"म्हणूनच नाही विचारलं," मी म्हटलं. दुभाषीबाईंनी ते तसंच नेलं की गोड करून नेलं, ठाऊक नाही, पण तपासणीच्या बाई हसल्या. जाताना ठकीचं मनगट पुन्हा धरून बघितलं. या वेळी लगेच सोडलं. काल कोर्टात न्यायाधीशबाईंपुढे ठकी नवरोबांच्या खांद्यावर झोपून गेली होती. तिचं तोंड उघडं होतं आणि त्यांच्या एकुलत्या एक कोटावर लाळ गळत होती. त्या माणसानं कोट अजून धुवायला दिलेला नाही, आणि राहतोय लॉन्ड्रीच्या डोक्यावर.

मला आज सगळ्यांचं भलं व्हावं असं वाटतंय. जिनं हिला जन्म दिला आणि जिला मी कधी भेटणार नाही, तिचं. त्या लॉन्ड्रीवालीचं. तुझंही. तू मला तुझी पोर देऊ केली होतीस. तेव्हा मला तो हुकूम वाटला होता. आता एक पोर हातात आल्यावर कळतंय, की कुणाला ती द्यायची म्हणजे काय काय कापून द्यावं लागतं. तुला तसं म्हणवलं तरी कसं गं? माझ्यावर एवढी माया होती, तर ती मी तशीच उचलून कपाळाला लावते. तुझी धाकटी तुझीच राहिली हे चांगलं झालं, आणि ठकी माझी झाली हे चांगलं झालं.

मी अजून रोज तीन घास तिच्या हातचे खाते. चौथ्याला सांगते, "आले दात." मग ती तिचं जेवते. मधूनच चमचा मला देऊन ती स्वतः आ करते, अगदी पटकन, कुणी बघत नाहीये ना अशा बेतानं. मी घास भरवते. आपली भाषा ती उचलतेय. 'नको', 'अजून', 'गरम', 'चल', आणि नवरोबांची नक्कल करत 'अगं ऐक'. माझे पन्नास शब्दही शंभरावर गेलेत. आता दुभाषीबाईंशिवाय आमचं थोडंथोडं भागतं.

काल दुपारी जेवताना तिनं माझी वाटी संपवली आणि एकदम विचारलं, "तुझी मोठी कोण?"

मी म्हटलं, "माझी ताई." मग दोन्ही भाषांची खिचडी करून सांगितलं, की आई कामावर जायची, ताईला मोठ्या दोन वेण्या होत्या, ती मला दारातल्या पायरीवर बसवून भरवायची. मी पळायचे, ती वाटी घेऊन मागे यायची.

तिनं विचार केला. स्वतःचा भरलेला चमचा तसाच हवेत धरला. मला वाटलं, आता पुन्हा नाही ना?

"ती कुठंय?"

"लांब. घरी."

तिनं माझ्या रिकाम्या वाटीत बघितलं. मग माझ्याकडे बघितलं, चिंतेनं, जशी ती त्या पहिल्या दिवसांत उजवीकडे बघायची.

"तू इथं," ती म्हणाली. "मग ती कशी जेवते?"

मी म्हटलं, विचारून सांगते. तेवढ्यावर तिनं घास तोंडात घातला, पण आज सकाळी पुन्हा विचारलं, आणि दुपारीही विचारणार. आम्ही सोळा तारखेला घरी पोचतोय. तोवर मला तिला काहीतरी सांगावं लागेल.

ताई, कशी जेवतेस गं?

तुझी लहान